आवाजाखालची घूंघूं

मिरजेच्या डॉक्टरांनी कालिंदीचा गळा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला, तिला घोट घोट पाणी गिळायला लावलं आणि मग नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, की गाठ काढावीच लागेल. ठेवली तर ती श्वासनळीवर दाबत जाईल. पण गाठीला चिकटूनच आवाजाची नस जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसेल, कदाचित कायमचा. तोवर गळ्याला ताण द्यायचा नाही, मोठ्यानं हाकसुद्धा मारायची नाही, हेही त्यांनी बजावलं. ऑपरेशनची तारीख पुढच्याच आठवड्यातली मिळाली.

परतीच्या गाडीत नृसिंह काहीबाही बोलत राहिला. कालिंदी खिडकीतून उसाचे फड बघत होती. गाणं हा तिचा नुसता छंद नव्हता. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, पेठेतल्या मुली तिच्याकडे गाणं शिकायला यायच्या. नृसिंह हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं आणि नृसिंहाची आई, माई.

टेपरेकॉर्डरची कल्पना नृसिंहाची. हे पंचावन्न साल. असलं यंत्र कोल्हापुरात फार थोड्यांनी पाहिलं होतं. त्याचा मित्र जिनपाल याचं शाहूपुरीत रेडिओचं दुकान होतं आणि त्याच्याकडे नुकतंच एक जर्मन बनावटीचं यंत्र आलं होतं. नृसिंहानं सगळी हकीकत सांगितल्यावर जिनपालनं ते काही न विचारता टांग्यात चढवून दिलं.

कालिंदीनं ती जड पेटी टेबलावर ठेवलेली पाहिली, झाकणाखालची दोन रिळं पाहिली आणि म्हणाली, "माणूस गेल्यावर फोटो काढून घेतात, तसं वाटतंय मला. आवाज जाणार, असं धरूनच चाललात का तुम्ही?"

नृसिंह रिळावरची फीत सारखी करत राहिला. मग तीच म्हणाली, की लावा, गाते.

रविवारची दुपार होती. तिनं बेताच्या आवाजात भीमपलास गायला. नृसिंहानं फीत मागं घेऊन ती पुन्हा चालू केली तेव्हा माईसुद्धा हातातलं निवडण बाजूला ठेवून दारात येऊन बसल्या. आवाज कालिंदीचाच होता, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. घूंऽऽ असं, एकाच सुरात, न थांबता. ती गात असताना ते दबून राही आणि ती श्वास घ्यायला थांबली, की वर येई. गाणं संपलं तरी ते चालूच राहिलं.

"मी थांबले तरी ते थांबत नाही," कालिंदी म्हणाली. तिनं पदर गळ्याशी ओढून घेतला.

नृसिंहानं हसण्यावारी नेलं, पण त्याला चुटपुट लागली. त्यानं यंत्राचं बूड तपासलं. माईकची वायर आणि विजेची वायर एकमेकींना पीळ घालून पडल्या होत्या, त्या त्यानं वेगळ्या केल्या. माईक यंत्रापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. भिंतीतली पिन काढून उलटी करून बसवली. प्रत्येक बदलानंतर थोडी फीत फिरवायची आणि ऐकायची, असं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी घूंघूं अगदी बारीक उरली, कान देऊन ऐकावी लागेल इतकी. उद्या सकाळी पुन्हा गाशील का, असं त्यानं विचारलं. ती हो म्हणाली.

सोमवारी सकाळी घूंघूं परत आली होती, आणि आदल्या दिवशीपेक्षा दांडगी.

नृसिंहानं काल केलेलं सगळं पुन्हा करून पाहिलं. काही उपयोग होईना. शाळेची वेळ होत आली, तो चिडचिडला. कालिंदी मात्र डोळे मिटून फीत ऐकत होती. सुराला पक्का कान होता तिचा. ती म्हणाली, हा कालचा आवाज नव्हे. कालचा बारीक होता, तो याच्या खाली आहे अजून. हा वेगळा आहे आणि तो गिरणी सुरू झाली तेव्हा सुरू झालाय.

गिरणी दोन घरं सोडून होती, सयाजीची; रविवारी ती बंद असे. उन्हाळ्याचे दिवस म्हणजे चटणीचे दिवस. वर्षाची मिरची कांडून न्यायला बायका गल्लीत रांग लावत आणि सकाळपासून मोटार घरघरत असे. हवेत तिखट इतकं भरे, की माई खिडक्यांना ओली फडकी लावून ठेवीत. नृसिंहानं माईक कोणाच्याही हातात न देता नुसती फीत फिरत ठेवली. मध्येच गिरणीचा पट्टा घसरला असावा, मोटार बंद झाली. थोड्या वेळानं पुन्हा लागली. त्यानं फीत ऐकली, तर घूंघूं मध्येच नाहीशी झालेली आणि मग एकदम परत आलेली. कालिंदी म्हणाली ते खरं होतं.

शाळा सुटल्यावर तो तसाच शाहूपुरीला गेला. जिनपालला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या धंद्यात याला हम म्हणतात, तो म्हणाला, मोठी मोटार जवळ असली की येतोच. "पेटीला अर्थिंग द्या की मास्तर. नळाच्या पाइपला एक तार बांधा. पाइप जमिनीत गेलेला असतो. सगळा हम गुमान जमिनीत जाईल बघा."

शास्त्राच्या मास्तराला हे पटण्यासारखंच होतं. येताना त्यानं तांब्याची तार आणली.

मंगळवारी सकाळी त्यानं मागच्या चौकातल्या नळाला तार घट्ट गुंडाळली, ती खिडकीतून आत घेतली आणि यंत्राच्या मागच्या स्क्रूला आवळली. गिरणी चालू होतीच. त्यानं यंत्र सुरू केलं. हम जायचा सोडून यंत्रातून असा भोंगा निघाला, की माई आतून धावत आल्या. कालिंदी नुकतीच न्हाऊन आली होती. पाय ओले, फरशी ओली. माईकमध्येच काही बिघडलं असेल, असं वाटून तिनं तो उचलला.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो नृसिंहानं पूर्वी कधी ऐकला नव्हता. तिची बोटं माईकभोवती आवळली गेली होती, सुटत नव्हती. हात खांद्यापर्यंत थरथरत होता. नृसिंहानं झडप घालून भिंतीतली पिन उपटली. भोंगा थांबला, रिळं थांबली, पण तिची बोटं सुटली नाहीत. क्षणभरानं ती स्वतःच कोलमडून बाजूला पडली, तेव्हा तिच्या वजनानं माईक हिसकला गेला आणि घरंगळत भिंतीशी गेला.

तिला उठवून बसवल्यावर तो रागानं यंत्राकडे वळला. ते ढकलून द्यावं, म्हणून त्यानं पेटीला हात लावला आणि त्यालाही झटका बसला. हात कोपरापर्यंत बधिर झाला.

तो उभाच राहिला. पिन तर त्याच्या दुसऱ्या हातात होती. यंत्राचा विजेशी काही संबंध उरला नव्हता आणि तरी ते चावत होतं. भिंतीतून काही येत नव्हतं. येत होतं ते एका तारेतून, त्यानंच बांधलेल्या तारेतून. ती तार नळाकडे जात होती.

मागून कालिंदीचा आवाज आला, अगदी हळू. "हे तेच आहे."

"काय तेच?"

तिनं सांगितलं ते माईंकडे बघत, त्याच्याकडे नाही. गेले काही दिवस सकाळी नळावर हात धुताना तिच्या बोटांत झिणझिण्या येत होत्या. कधी मनगटापर्यंत, कधी आणखी वर. तिला वाटलं, गळ्यातली गाठ पसरली. आधी हातात, मग आणखी कुठं जाईल. डॉक्टरांना सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, आता काही करण्यासारखं राहिलं नाही. म्हणून तिनं मिरजेत सांगितलं नाही, घरातही सांगितलं नाही. रात्री ती बोटं चोळत पडून राहायची.

माई तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "अगं, मला पण येतात. भांडी विसळायला नळ सोडला की येतात. मी म्हटलं, वात आहे. वयच झालं माझं."

नृसिंहानं खिडकीतून नळाकडे बघितलं. दोन बायका इतके दिवस त्या नळाला हात लावत होत्या, आणि एकीनं रोग समजून, दुसरीनं म्हातारपण समजून तोंड मिटून ठेवलं होतं.

शाळेत मुलांना दाखवायला म्हणून त्यानं एक दिवा तयार केलेला होता, साधा बल्ब आणि त्याला दोन मोकळ्या तारा. तो घेऊन तो चौकात गेला. पायांत वहाणा घातल्या, हाताला कोरडं फडकं गुंडाळलं. मोरीजवळच्या ओल्या मातीत पहार रोवून एक तार तिला बांधली आणि दुसरी लांबूनच नळाला टेकवली. बल्बातली तार आधी लाल झाली, मग पिवळी. भर उन्हात, कोणत्याही खटक्याशी न जोडलेला तो दिवा नळाच्या जोरावर जळत होता. माईंनी हात जोडले. कालिंदी दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं काही आलं. रोग पसरला नव्हता, पाइपात वीज होती. पण लगेच तिनं मान वळवून गल्लीकडे कान दिला.

बाहेरून भांड्यांचा आवाज येत होता.

गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता, याच पाइपावरचा. पाणी यायची वेळ झाली होती. बायका घागरी, कळश्या घेऊन जमल्या होत्या. नळाखाली कायम चिखल, निम्म्याअधिक बायका अनवाणी आणि घागरी तांब्याच्या.

"तू त्यांना थांबव," नृसिंह म्हणाला, "मी गिरणी बंद करतो." तो दिवा तसाच हातात घेऊन धावत सुटला. ओरडायचं नाही, हे डॉक्टरांचं सांगणं त्याला आठवलंच नाही. तिला आठवलं होतं. ते तिनं नंतर सांगितलं.

गिरणीत सगळं लाल धुकं होतं. सयाजीनं तोंडाला फडकं बांधलं होतं, नुसते डोळे दिसत होते. मोटारीच्या आवाजात नृसिंहाचं बोलणं त्याला ऐकू जाईना आणि तिखटानं नृसिंहाला ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोटार बंद कर, नळात वीज उतरलीय, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं. सयाजीला ते पटलं नाही. मोटार बसवली तेव्हापासून तिची अर्थिंगची तार नळाच्या पाइपालाच होती, वायरमननंच ती बांधून दिली होती. "वरीस झालं, मास्तर. कोन बी मेल्यालं न्हाय. ह्या बायका काय मिरच्या घिऊन माघारी जात्यात व्हय?" नृसिंह भिंतीवरच्या खटक्याकडे गेला, तसा सयाजी आडवा आला आणि त्यानं त्याचं मनगट धरलं. तालमीत घुमलेला हात होता तो, सुटणं शक्य नव्हतं.

नृसिंहाला दिवा आठवला. मोकळ्या हातानं त्यानं एक तार गिरणीतल्या पाइपाला टेकवली आणि दुसरी वहाणेनं खालच्या ओल्या जमिनीत दाबली. गिरणीतली जमीन नुकतीच पाणी मारून दाबलेली होती. त्या लाल धुरळ्यात दिवा लख्ख पेटला.

सयाजीची पकड ढिली झाली. तो दिव्याकडे बघत राहिला.

"सयाजी, तुझ्या घरचं कोण आहे नळावर?"

"बायकू," सयाजी म्हणाला. मग त्यानं वळून खटका खाली ओढला.

पट्टा फडफडत थांबला. सकाळपासूनच्या घरघरीनंतर गल्ली एकदम गप्प झाली आणि त्या शांततेत नळाकडून कुणाच्यातरी रडण्याचा आवाज आला. दोघेही पळत सुटले. ते अंतर काही फार नव्हतं. कालिंदी मघाशी दारात अनवाणीच उभी होती, एवढंच नृसिंहाच्या डोक्यात होतं.

नळापाशी काय झालं होतं, ते त्याला नंतर कळलं. कालिंदी नळापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली होती आणि कुणालाही पुढे येऊ देत नव्हती. बायकांना आधी काही कळेना, मग त्या भडकल्या. शेजारची धोंडुबाई रांगेत पहिली होती. "नळ काय तुझ्या घरचा हाय? सर बाजूला. सकाळधरनं हुबी हाय मी," असं म्हणून ती पुढे सरली. तेव्हा कालिंदी ओरडली. हळू बोलायची, हळू हसायची ती बाई गळ्याच्या शिरा फुगवून ओरडत राहिली, की नळाला हात लावू नका, नळात वीज आहे. तोच नळ फुसफुसला. पाणी आलं म्हणताच मागचं सगळं पुढे लोटलं. बाकीच्यांना तिनं रेटून धरलं, पण धोंडुबाई तिच्या काखेखालून वाकली आणि घागर नळाला लावली. घागर उडून गटारात पडली. धोंडुबाई मागच्या मागे चिखलात कोसळली. डोळे उघडे, पण श्वास दिसेना. सगळ्या बायका मागे हटल्या. कालिंदीनंच खाली बसून तिची छाती चोळली, तोंडावर चापट्या मारल्या, तेव्हा कुठं धोंडुबाईनं मोठा श्वास घेतला आणि ती लहान मुलासारखी रडायला लागली.

नृसिंह पोचला तेव्हा धोंडुबाईचं डोकं कालिंदीच्या मांडीवर होतं. त्यानं कालिंदीला विचारलं, तुला काही झालं नाही ना. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली. तिनं एक हात गळ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्याला पुढे कितीतरी वर्षं सहन झाली नाही.

वीज कंपनीचा माणूस दुपारी आला. मोटारीच्या आतल्या तारांचं वेष्टण जळून गेलं होतं आणि सगळी वीज मोटारीच्या अंगावर आली होती. रस्त्याखाली पाइपाचा सांधा गंजून सैल झाल्यामुळे ती पुरती जमिनीत न जाता पेठेतल्या नळांतून हिंडत होती. मोटार तापत गेली, तशी ती रोज थोडी थोडी वाढत होती. तो माणूस म्हणाला, की दोनचार दिवसांत कुणीतरी हमखास गेलं असतं. नृसिंहानं पुढचं ऐकलं नाही. त्याला नळाखाली भांडी विसळणाऱ्या माई दिसत होत्या.

कालिंदीनं ते दिवस काय हवं ते पाटीवर लिहून दाखवत काढले. माई तिला ज्येष्ठमध चघळायला देत आणि नृसिंह जवळ बसून राही. आपण तिला नळावर धाडलं, हे त्याच्या मनातून जाईना. धोंडुबाई रोज एकदा यायची, दारातच बसायची आणि तिचा भाजलेला हात दाखवून जायची. मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी कालिंदीच्या गळ्यातून आवाज फुटला, पण तो फाटका, घोगरा, एखाद्या पुरुषाचा वाटावा असा. तिनं त्याच आवाजात सांगितलं, की यंत्र लावा.

नृसिंहाला ते नको होतं. हाच आवाज मागे राहायचा असेल, तर काहीच न राहिलेलं बरं, असं त्याला वाटत होतं. पण तो तिला म्हणाला एवढंच, की आणखी थोडी विश्रांती घे.

"उद्या कोणता असेल, मला माहीत नाही," ती म्हणाली. "आज हाच आहे. लावा."

ती गायली. वरच्या सुरांना आवाज पोचत नव्हता, तिथं ती नुसते शब्द म्हणत होती. मध्येच खोकली. सयाजीची मोटार दुरुस्तीला गेली होती, गिरणी बंद होती. फितीवर खाली ती बारीक घूंघूं राहिलीच, ती नृसिंहाला काढता आली नाही. गाणं झाल्यावर कुणी ते ऐकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र फितीसकट शाहूपुरीला गेलं.

मिरजेत ऑपरेशन तिला जागी ठेवूनच केलं. गळा तेवढा बधिर केला होता. डॉक्टरांनी सांगितलं, की बोलत राहा, म्हणजे नस कुठं आहे ते आम्हाला कळेल. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून तिनं पाढे म्हणायला घेतले. तोंडावर कापड होतं. वर भांड्यांचा आवाज, कुणीतरी इंग्रजीत कुजबुजत होतं. तेराचा पाढा चालू असताना अचानक तिचा आवाज नाहीसा झाला. ती म्हणत होती, पण ऐकू येत नव्हतं. सगळे हात थांबले. डॉक्टरांनी कुणालातरी धरलेलं काहीतरी सोडायला सांगितलं. ती पडून राहिली. ओरडताही येत नव्हतं, हलताही येत नव्हतं. तिला वाटलं, झालं. मग डॉक्टर म्हणाले, पुन्हा म्हणा. तिनं तेराचा पाढा पहिल्यापासून सुरू केला आणि तिसऱ्या ओळीला तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, खोल विहिरीतून यावा तसा.

बाहेर बाकावर नृसिंह बसला होता, त्याला यातलं काही कळलं नाही. संध्याकाळी आत सोडलं, तेव्हा तो पलंगाजवळ उभा राहिला. तिनं डोळे उघडले. "माईंना तार केली का?" तिनं विचारलं. आवाज घोगरा होता, पण तिचाच होता. नृसिंह खाली मान घालून बाहेर व्हरांड्यात गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला.

गाठ साधी निघाली. बोलण्याचा आवाज पावसाळा संपेपर्यंत सुधारला. गाण्याचा पूर्वीसारखा झाला नाही. वरचा षड्ज लावायला गेलं, की आवाज तिथून सटकायचा आणि पाढा म्हणताना आवाज गेला तो क्षण आठवायचा. म्हणून बरेच दिवस ती बाजाच्या पेटीजवळ जात नव्हती. मुली येऊन परत जात. दसऱ्यानंतर एका सकाळी माई देवपूजा करत होत्या, तेव्हा त्यांना पुढच्या खोलीतून पेटीचा भाता हलल्याचं ऐकू आलं. कालिंदी नेहमीची पट्टी सोडून खाली, आणखी खाली सरकत होती. प्रत्येक ठिकाणी सा लावून बघायची आणि सोडून द्यायची. माईंनी घंटा वाजवायची थांबवली. चार पट्ट्या खाली गेल्यावर एक सा तिथं टिकला, जाड आणि भरीव. कालिंदीनं तो सोडला नाही.

त्या संध्याकाळी तिनं मुलींना निरोप पाठवला, की उद्यापासून या.